शेक घेणाऱ्यांच्या रक्तानं शिकवलेलं

कॅन्सरच्या पेशंटचा शेक, म्हणजे रेडिएशनचा उपचार, सुरू असताना त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत कोणती जनुकं एकदम कामाला लागतात, ते मोजायचं माझं काम. मी डॉक्टर नाही. जीवशास्त्र शिकले आणि एका कॅन्सर रुग्णालयाच्या लॅबमध्ये लागले. नमुने लॅबमध्ये आपसूक येऊन पडायची सोय होती, पण मी पहिल्यापासून रेडिएशनच्या दारात जाऊन उभी राहत आले. सिस्टर सुई लावतात, मी ट्यूब घेऊन शेजारी. तेवढ्या वेळात पेशंट आणि त्यांची माणसं जे विचारतात, त्यानंच माझ्या कामाला दिशा दिली.

१. डोस सारखा, माणसं वेगवेगळी

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर आज अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत १५ सिटिंग देतात, एकूण ४० ग्रे. शरीराच्या एक किलो भागात एक ज्यूल ऊर्जा मुरली की तो एक ग्रे. ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड या मोठ्या चाचणीनं २०२० साली दाखवून दिलं की एकाच आठवड्यात पाच सिटिंगमध्ये २६ ग्रे दिले, तरी कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात ते कमी पडत नाहीत. असे आकडे हजारो बायकांच्या अनुभवावरून ठरतात. गाठ राहू नये आणि कायमचा, गंभीर त्रास फार थोड्यांच्या वाट्याला यावा, असा तो हिशेब असतो.

त्या थोड्यांमध्ये आपण आहोत का, हे बाकावर नंबर लावून बसलेल्या बाईला मात्र कुणी सांगू शकत नाही. एकाच मशीनवर, एकाच डोसवर, जवळपास एकाच वयाच्या आणि बांध्याच्या दोघी मी पाहिल्या आहेत. एकीची कातडी नुसती काळवंडली. दुसरीची काखेतली सोलून निघाली, ब्लाऊज अंगाला लावू देईना. ती मला म्हणाली, “ताई, मला जास्त लाईट लावली का हो?” जास्त लावली नव्हती. डोसचा हिशेब करणाऱ्या फिजिसिस्टनी तिचा प्लॅन पुन्हा काढून पाहिला, सगळं जागच्या जागी होतं. तिच्या पेशीच वेगळ्या वागत होत्या.

हा फरक किती टोकाला जाऊ शकतो, ते एका दुर्मीळ आजारातून कळलं. अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया असलेल्या मुलांना रेडिएशनचा नेहमीचा डोस दिला तर जिवावर बेततं. त्यामागचं जनुक १९९५ साली इस्रायलमधल्या योसी शिलो यांच्या गटानं शोधून काढलं. त्याचं नाव एटीएम. डीएनए तुटला की पहिली हाक देणारं प्रथिन या जनुकापासून बनतं. बाकी बहुतेकांमध्ये असा एकच मोठा दोष नसतो, अनेक जनुकांतले बारीक बारीक फरक मिळून परिणाम घडवतात. त्यामुळे कुणाकडे कोणतं जनुक आहे एवढं वाचून भागत नाही. प्रसंग आल्यावर ते किती जोरानं काम करतं, हे पाहावं लागतं. माझं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे.

२. शेक एका जागी, पण रक्ताला तो कळतो

“शेक घशाला आणि रक्त हाताचं कशाला?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला असेल. प्रश्न रास्त आहे. आपलं हृदय स्वस्थ बसलेल्या माणसातही मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. मशीन चालू असताना पुलाखालून ओढ्याचं पाणी जावं तसं रक्त त्या झोतातून जात राहतं. प्रत्येक पेशीवर पडणारा डोस थोडा असतो, पण लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रेडिएशनला फार हळव्या असतात. त्यांना थोडाही पुरतो.

एका पेशीला एक ग्रे बसला की तिच्या डीएनएच्या दोन्ही दोऱ्या तीस-चाळीस ठिकाणी तुटतात. एटीएम हाक देतं, ती पी-५३ या प्रथिनापर्यंत पोचते आणि पी-५३ एका मागोमाग एक जनुकं चालू करतं. काही पेशीची वाढ थांबवतात, काही दुरुस्तीला लागतात, काही पेशीला मरायला लावतात. यातल्या एका जनुकावर माझा विशेष जीव आहे. त्याचं नाव एफडीएक्सआर. एरवी ते पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात लोह आणि गंधकाची जोडणी करण्याच्या कामात मदत करत असतं, रेडिएशनशी त्याचा काही संबंध असेल असं वाटणारही नाही. इंग्लंडमध्ये चिल्टन इथल्या सरकारी प्रयोगशाळेत क्रिस्तोफ बादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या कॅन्सरसाठी शेक घेणाऱ्या पेशंटचं रक्त तपासलं. पहिल्या सिटिंगनंतर २४ तासांनी हे जनुक त्यांच्यात चढलेलं दिसलं. तो शोधनिबंध २०१८ साली आला.

किती चढतं, ते फिल्ड, म्हणजे झोत पडतो ती जागा, केवढं आहे यावरही अवलंबून असतं. स्वरयंत्राचं फिल्ड हाताच्या पंजात मावेल एवढं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये अख्खी कटी झोतात येते आणि प्रौढ माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या मज्जेचा मोठा वाटा नेमका तिथल्या हाडांत असतो. म्हणून दोन पेशंटचे आकडे शेजारी ठेवण्याआधी मी फिजिसिस्टकडून प्लॅन मागून घेते. प्लॅन पाहिल्याशिवाय या आकड्यांवर कुणी बोलू लागलं, तर मी तिथेच थांबवते.

३. पहिल्या सिटिंगच्या आधीचं रक्त पुन्हा मिळत नाही

जनुक किती जोरात चाललंय, हे त्यानं बनवलेल्या आरएनएवरून कळतं. आरएनए फार नाजूक. साध्या ट्यूबमध्ये रक्त ठेवलं तर पेशी आत जिवंतच असतात. त्या गारठतात, घाबरतात आणि नवीनच जनुकं चालू करून बसतात. म्हणून आम्ही वापरतो त्या ट्यूबमध्ये आधीच रसायन भरलेलं असतं. अडीच मिलिलिटर रक्त आत पडलं की पेशी फुटतात आणि त्या क्षणीचा आरएनए जसाच्या तसा थांबतो. ट्यूब आठ-दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करायची. जोरात हलवायची नाही. मग किमान दोन तास बाहेरच्या तापमानात उभी ठेवायची आणि नंतर फ्रीझरमध्ये.

कॉलेजमधून नव्यानं येणारी मुलं मशीनसमोर बसायला उत्सुक असतात. मी त्यांना आधी ट्यूब उलटी करायला शिकवते. हे काम चुकलं तर पुढच्या लाखांच्या मशीनला काही वाचवता येत नाही.

आणि पहिली ट्यूब शेक सुरू होण्याआधीच हवी. माणसामाणसांत जनुकांची मूळ पातळी वेगळी असते, त्यामुळे ज्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते. पहिलं सिटिंग झालं की ती संधी गेली. आमच्याकडे सोमवारी सकाळी नवे पेशंट सुरू होतात. कुणी जळगावहून रात्रीच्या गाडीनं आलेलं असतं, कुणाच्या हातात अजून फाईलची प्लास्टिकची पिशवी, कुणाला डोकं हलू नये म्हणून लावतात तो मास्क घट्ट बसेल याची धास्ती. अशा वेळी रक्त मागायचं म्हणजे त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते आधी ऐकायचं. केमो होऊन गेलेल्यांच्या शिरा दोरीसारख्या ताठ झालेल्या असतात. पहिल्यांदा मिळाली नाही तर आमच्या सिस्टर दुसऱ्यांदा टोचत नाहीत. नमुना गेला तरी चालेल, हा नियम आम्ही दोघींनी मिळून केला.

४. मोजायची रीत आता घरोघरी माहीत आहे

कोविडनंतर मला आरटी-पीसीआर समजावून सांगावं लागत नाही. तीच पद्धत. तिथे विषाणूचा आरएनए शोधत होतो, इथे पेशंटच्या स्वतःच्या जनुकाचा. दर फेरीला नमुना दुप्पट होतो आणि किती फेऱ्यांनंतर तो दिसू लागला यावरून सुरुवातीला किती होता ते काढतात. सुमारे सव्वातीन फेऱ्यांचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. शेजारी नेहमी एक असं जनुक मोजतात, जे रेडिएशननं फारसं हलत नाही, म्हणजे रक्त कमी-जास्त घेतलं गेलं तरी हिशेब बिघडत नाही.

५. आपल्या पेशंटमध्ये रेडिएशन एकटं नसतं

युरोपातले बरेच अभ्यास स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या पेशंटवर झाले आहेत. आमच्या दारात गर्दी असते ती तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. गर्भाशयमुखासाठी शेकाबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यावं, हे १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं जाहीर केलं आणि तेव्हापासून जगभर तीच रीत आहे. सिस्प्लॅटिन स्वतः डीएनएलाच चिकटतं. म्हणजे पी-५३ जागं होतं ते शेकानं की केमोनं? वर उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात आणि ते स्टिरॉइड पांढऱ्या पेशींची सगळी घडीच बदलून टाकतं. त्यात कुणाला कफ, कुणाला तोंडात फोड येऊन संसर्ग, कुणाची साखर चढलेली, कुणाची तंबाखू अजून सुटलेली नाही.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक ट्यूबसमोर केमोची तारीख, तासासकट, असतेच. आदल्या दिवशी ताप होता का, कोणती गोळी घेतली, हे सगळं मी विचारते. परदेशात नीट चाललेली चाचणी इथे तशीच लावून पेशंटला रिपोर्ट हातात द्यावा, याला माझा ठाम विरोध आहे. आपल्या पेशंटमध्ये, आपल्या औषधांबरोबर, ती आधी तपासून पाहायलाच हवी.

६. गाठ विरघळते आहे का, हा वेगळा प्रश्न आहे

एका मावशींच्या मुलानं तिसऱ्या आठवड्यात मला गाठलं. “मॅडम, रिपोर्टमध्ये आलं का काही? आईची गाठ कमी होतेय ना?” त्याला वाटत होतं, मी रोज रक्त नेते म्हणजे मला कळत असणार. मी त्याला तिथेच बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तेच इथे लिहिते, कारण या विषयात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आम्ही ज्या पेशी मोजतो त्या निरोगी असतात. शेकाला आईचं शरीर कसं उत्तर देतंय ते त्या सांगतात. गाठ कशी उत्तर देतेय ते त्यांना ठाऊक नसतं. आणि हा नुसता जागेचा फरक नाही. आमची जनुकं चालू होतात पी-५३ मुळे, पण माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३ च बिघडलेलं असतं. तंबाखूनं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर हे प्रमाण आणखी वर जातं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही विषाणूचं ई-६ नावाचं प्रथिन पी-५३ ला धरून नष्ट करतं. म्हणजे आपल्याकडे जे कॅन्सर सगळ्यात जास्त शेकासाठी येतात, नेमक्या त्यांच्या गाठींत रक्तातली ही वाट मोडलेली असते. रक्तात एफडीएक्सआर दणकून चढलं म्हणून गाठही तशीच हलली असेल, असं मानायला काही आधार नाही.

गाठीचं उत्तर गाठीतच शोधणारेही आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये हाविएर तोरेस-रोका यांच्या गटानं गाठीच्या तुकड्यातल्या दहा जनुकांवरून ती रेडिएशनला किती हळवी आहे याचा निर्देशांक काढला आणि २०१७ साली त्याची डोसशी सांगड घातली. तो तुकडा बायोप्सीचा, रक्ताचा नव्हे.

रक्तातून गाठीची खबर अजिबात मिळत नाही असंही नाही. नाकामागच्या घशाच्या कॅन्सरमध्ये, जो आपल्या देशात नागालँडकडे जास्त दिसतो, गाठीच्या पेशींत एप्स्टाइन-बार विषाणू असतो. त्या मरताना त्याचा डीएनए रक्तात सांडतो. हाँगकाँगमधल्या डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं की शेक लागू पडला तर तो रक्तातून उतरतो आणि आजार उलटला तर पुन्हा चढतो. ही खूण थेट गाठीची आहे. पांढऱ्या पेशींतल्या जनुकांची हालचाल आणि हे, दोन्ही गोष्टी ‘रक्ताची तपासणी’ म्हणूनच ओळखल्या जातात आणि पेशंट गोंधळतात. त्यांना हा फरक सांगणं आमचं काम आहे, तो त्यांनी ओळखावा अशी अपेक्षा ठेवायची नाही.

मुलगा ऐकून थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे आईला याचा उपयोग नाही.” “तुमच्या आईला आज नाही,” मी म्हटलं. त्यानं पुढच्या ट्यूबला नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तरी त्याचा तो हक्कच होता.

७. थोड्या पेशंटवरचा मोठा दावा

२००४ साली स्टॅनफर्डमध्ये गिल्बर्ट चू यांच्या गटानं शेकाचा फार त्रास झालेल्या १४ पेशंटच्या पेशी घेतल्या, त्यांना लॅबमध्ये रेडिएशन दिलं आणि २४ जनुकांच्या वागण्यावरून त्यातले ९ ओळखून दाखवले. तो निबंध वाचून अंगावर काटा आला होता. वाटलं, झालं, आता चाचणी येणार. पण हजारो जनुकं आणि मूठभर माणसं असली की काही जनुकं योगायोगानंही जुळतात. नव्या पेशंटवर, दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी तेच यावं लागतं. रक्तातल्या जनुकांची हालचाल पाहून डोस ठरवण्याची पद्धत आजही रोजच्या उपचारात आलेली नाही.

फ्रान्समध्ये मोंपेलिये इथल्या डेव्हिड अझ्रिया यांच्या मंडळींनी वेगळा मार्ग धरला. पेशंटचं थोडं रक्त घ्यायचं, लॅबमध्ये त्याला ८ ग्रे द्यायचे आणि ४८ तासांनी किती लिम्फोसाइट मेल्या ते मोजायचं. पाचशेच्या आसपास स्तनाच्या पेशंटवरचा त्यांचा निकाल २०१५ साली आला. ज्यांच्या लिम्फोसाइट जास्त मरतात, त्यांना कातडीखाली कायमचा कडकपणा येण्याचा धोका कमी. उलटं वाटतं, पण आकडे तसेच आले. शेकडो पेशंट आधी ठरवून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून केलेलं काम म्हणून त्याचं मोल मला फार वाटतं.

८. थकवा खरा असतो

“अंगात त्राणच नाही, आणि घरी सगळे म्हणतात मनाचं आहे.” हे प्रोस्टेटचे पेशंट जास्त बोलतात, कारण बाहेरून ते धडधाकट दिसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये लिओरी सॅलिगन यांनी अशाच पेशंटचं रक्त शेकाच्या आधी आणि शेक चालू असताना तपासलं. थकव्याबरोबर काही जनुकांची हालचाल बदललेली दिसली, त्यात अल्फा-सायन्युक्लीनचं जनुक होतं. हे काम २०१३ साली छापून आलं. मी ते घरच्या मंडळींना सांगते. नवरा किंवा बाप आळस करत नाही एवढं कळलं, तरी घरातलं वातावरण बदलतं.

९. हे रक्त दुसऱ्यांसाठी असतं

चिल्टनमधल्या त्या प्रयोगशाळेला मुळात अपघातांची काळजी होती. किरणोत्सर्गाचा अपघात झाला तर शेकडो माणसांतून कुणाला किती डोस बसलाय ते पटकन कसं ओळखायचं? आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत हे घडलं. दिल्ली विद्यापीठातलं जुनं कोबाल्ट-६० चं उपकरण भंगारात गेलं, कामगारांनी ते फोडलं आणि त्यात एकाचा जीव गेला. अशा वेळी लिम्फोसाइटमधली तुटून चुकीची जोडली गेलेली गुणसूत्रं मोजतात. ती पद्धत भरवशाची आहे, पण पेशी आधी दोन दिवस वाढवाव्या लागतात. जनुकांची हालचाल काही तासांत कळू शकते. ती माणसावर तपासायची तर किती डोस बसला ते नेमकं माहीत असलेली माणसं हवीत. ती बहुतेक शेक घेणारे पेशंटच असतात. संमतीचा कागद वाचून दाखवताना मी हे सांगते. एक आजोबा म्हणाले, “मग घ्या की. कुणाच्या तरी कामी येईल.”

१०. आज सगळ्यात जास्त फरक पडतो तो सिटिंग न चुकण्यानं

इतकी वर्षं जनुकं मोजून हे लिहिते आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा शेक, आतून द्यायच्या सिटिंगसकट, आठ आठवड्यांत संपायला हवा. तो त्यापुढे लांबला की दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्यानं घटते. शेक चालू असताना उरलेल्या कॅन्सरच्या पेशी आधीपेक्षा वेगानं वाढू लागतात, हे त्याचं कारण. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्येही तेच.

आणि सिटिंग चुकतात कशानं? राहायला जागा नाही, गाडीभाड्याला पैसे नाहीत, घरात लग्न, शेतात काढणी, दिवाळी. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी किती जणांचा उपचार पुरा होऊ दिला असेल, ते कुठल्या शोधनिबंधात येणार नाही.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर परभणीकडची एक ताई विचारत होती, चार दिवस गावी जाऊन आले तर चालेल का. मुलं लहान, सासू वाट बघणारी. तिच्या अंगात ताप होता, आदल्याच दिवशी केमो झालेली. डॉक्टरांनी तिला फक्त पाडव्याला जायला सांगितलं आणि बुडणारं सिटिंग भरून काढायला एका दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोन सिटिंग लावली. ती विचारायला आली त्या दिवशी मी तिची ट्यूब घेतलीच नाही. तापात आणि केमोच्या दुसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा मला उपयोग नव्हता. सोशल वर्करच्या टेबलावर जाऊन तिच्या नवऱ्याच्या राहण्याची चिठ्ठी मात्र करून आणली.